गेटवरचं सोंग

कोंडेपाड्याची शिमग्याची सोंगं संग्रहालयाच्या स्टेजवर होणार, असं सुजितनं गावात सांगितलं तेव्हा ते खोटं नव्हतं. पुढं कित्येक दिवस तो स्वतःला हेच समजावत राहिला. त्यानं काही हलकं वाटत नव्हतं, ते वेगळं.

बदलापूरच्या पलीकडं, नदी ओलांडून सहा-सात किलोमीटर आत गेलं की कोंडेपाडा लागतो. चाळीसेक घरं. थोडी भातशेती, थोडी वाडी, आणि घरटी एकजण तरी कंपनीत नाहीतर दुकानात कामाला. गावात बघण्यासारखं फारसं काही नाही, पण सोंगं चांगली. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी तोंडं रंगवून निघतात, ती दारोदार नाचत दुपारपर्यंत सगळं गाव पालथं घालतात. वाघ असतो, शिकारी असतो, वैदू असतो. पण लोक खोळंबून राहतात ते म्हातारीसाठी.

म्हातारीचं सोंग सदूकाकांचं. सदूकाका म्हणजे सुजितच्या वडलांचे थोरले चुलतभाऊ. वय अडुसष्ट, अंगानं काटकुळे, आणि चाळीस वर्षं हे एकच सोंग काढत आलेले. लग्न होऊन आल्यापासून एकदाही माहेरी न गेलेली एक म्हातारी शेवटी गाठोडं उचलून माहेरी निघते. वाटेत जो तो तिला अडवतो. कुणाला तिच्या हातची भाकरी हवी असते, कुणाला तिनं पोर सांभाळायला हवं असतं, कुणी नुसतंच विचारतं, इतक्या वर्षांनी आता कशाला? ती प्रत्येकाला फटकळ उत्तर देते, कंबर हलवते, पुढं सटकते, आणि माणसं पोट धरून हसतात. शेवटी ती माहेरच्या दारात पोचते. तिथं तिला कुणी ओळखत नाही. ढोलकी थांबते. म्हातारी गाठोडं सोडून एकेक वस्तू काढून दाखवते, मी तीच, मी तीच, म्हणते. इतका वेळ हसणाऱ्या बायका तिथं पदर डोळ्याला लावतात. एका जागी केलं तर सगळं मिळून वीस-बावीस मिनिटं लागतात; शिमग्याला मात्र अडवणं दारोदार होतं आणि माहेर शेवटच्या घरी येतं. शेवट कापला तर हातात नुसता लुगडं नेसलेला पुरुष उरतो.

सुजित या घरातला पहिला बी.ए. झालेला. अंबरनाथला एमआयडीसीत बंद पडलेल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये एका ट्रस्टनं संग्रहालय काढलं होतं. जुनी लेथ मशिनं, कामगारांचे डबे, आसपासच्या गावांतली अवजारं आणि मुखवटे असं सगळं तिथं मांडलेलं होतं. सुजित तिथं कार्यक्रमांचं बघायचा. आई गावात, तो बदलापूर पूर्वेला भाड्याच्या खोलीत. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी संग्रहालयाच्या मैदानात ‘कार्निव्हल संध्या’ ठरली. प्रवेश सगळ्यांना मोफत. गोव्याचा ब्रास बँड, मुंबईहून पिसांचे मुकुट घालून नाचणारा एक ग्रुप, उंच काठ्यांवर चालणारी दोन माणसं, असा बेत होता. मीटिंगमध्ये सुजितच म्हणाला होता, “शिमगा म्हणजे आपला कार्निव्हलच की. माझ्या गावची सोंगं आणू.” सगळ्यांना कल्पना आवडली. पोस्टरवर अगदी खाली, बारीक अक्षरांत, कोंडेपाड्याचं नाव छापून आलं.

कार्यक्रमाला तीन दिवस असताना, बुधवारी दुपारी, कीर्ती मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम संग्रहालयाच्या संचालक. कामाला कडक, पण माणसाला तोडून बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांच्यासमोर शनिवारचं वेळापत्रक पडलं होतं.

“तुझ्या गावच्या ग्रुपचा एखादा व्हिडिओ आहे का? मी अजून पाहिलंच नाहीये.”

सुजितनं मोबाइलवर गेल्या शिमग्याचा व्हिडिओ लावला. शेणानं सारवलेलं अंगण, भोवती माणसांचा गराडा, सदूकाकांच्या तोंडाला सफेदा, अंगावर बायकोचं, बनूकाकूचं, जुनं लुगडं, चोळीत चिंध्यांचे बोळे. मॅडम पुढं वाकून बघत होत्या. हाच व्हिडिओ तो खोलीवर एकटा असला की बघायचा आणि दर वेळी हसायचा. आता मॅडमच्या खुर्चीशेजारी उभा राहून बघताना त्याचे कान गरम झाले. म्हातारीनं कंबर हलवली. गर्दीत कुणीतरी शिवी हासडली, ती मोबाइलमधून स्वच्छ ऐकू आली. सुजित कसंनुसं हसला आणि म्हणाला, “थोडं गावठीच आहे, मॅडम.”

मॅडमनी अजून काहीच म्हटलं नव्हतं.

“असं म्हणतोस?” त्यांनी वर पाहिलं. “आणि लांब आहे का?”

“वीस मिनिटं. पण स्टेजवर नको असेल तर गेटवर ठेवू त्यांना. येणाऱ्या लोकांचं स्वागत करतील. फोटो पण चांगले येतील.”

मॅडमनी वेळापत्रकावर पेन टेकवलं. “स्टेजचं तसं घट्टच झालंय सगळं. पण त्यांना चालेल का, गेटवर?”

“चालेल ना.”

“मग आजच सांग त्यांना. स्पष्ट सांग. आयत्या वेळी कळलं तर फार वाईट दिसेल.”

“हो मॅडम.”

त्याच संध्याकाळी तो बाइक काढून गावी गेला, सांगायलाच गेला. सदूकाकांच्या अंगणात सगळी मंडळी जमलेली. ढोलकीवाला धोंडिबा ढोलकीला चामड्याची नवी पुडी चढवून ती वाजवून बघत होता. देवळाच्या भिंतीवर चिकटवलेल्या पोस्टरवर त्यानं गावाच्या नावाभोवती लाल पेनानं गोल काढला होता. बनूकाकूनं म्हातारीच्या सोंगासाठी आणलेलं नवं हिरवं लुगडं मांडीवर पसरलं होतं.

“उल्हासनगरला गेलते, क्याम्प एकच्या बाजारात,” ती म्हणाली. “त्यो सिंधी शेट इचारतो, अम्मा, घर में शादी है क्या? मी म्हनलं, शादीच समज बाबा.”

सगळे हसले. सुजितच्या हातात चहा आला. त्यानं दोन घोट घेतले आणि तोंड उघडलं, तेवढ्यात सदूकाका त्याच्याजवळ सरकले. त्यांना खासगीत विचारायचं होतं.

“सुजित, म्हातारी दारात पोचली ना, का तिथं लाईट जरा बारीक करता येल काय? ढोलकी थांबते तवा. तितक्यापुरती. त्या लाईटवाल्याला तू सांगशील?”

काकांनी आयुष्यात लाइट लावलेल्या स्टेजवर पाय ठेवला नव्हता. पण त्या एका जागेचा विचार त्यांनी करून ठेवला होता.

“सांगतो,” सुजित म्हणाला.

चहा संपवून तो आईला भेटला आणि परत फिरला. उद्या फोन करून धोंडिबाला सांगू, असं वाटेत ठरवलं. गुरुवारी फोन केला नाही. शुक्रवारी मंडपाचं, खुर्च्यांचं, पाण्याच्या टाक्यांचं काम निघालं, आणि कामाच्या आड लपणं सोपं असतं.

शनिवारी पाचच्या सुमाराला दोन टेम्पो आले. एकातून सोंगं उतरली, दुसऱ्यातून गावच्या बायका, म्हातारे, एवढंच काय, दुखऱ्या गुडघ्याची सुजितची आईसुद्धा. बनूकाकू सरळ आत गेली आणि स्टेजसमोरच्या पहिल्या रांगेत मधली खुर्ची धरून बसली. सुजितनं सोंगांना गेटवरच थांबवलं.

“इथं काय करायचं?” सदूकाकांनी विचारलं. त्यांच्या तोंडाला रंग लागला होता, कपाळावर आडवं मोठं कुंकू.

खरं सांगून टाकायची ती शेवटची संधी होती. लोक अजून आले नव्हते. समोर फक्त काका, धोंडिबा आणि बाकीचे आठजण होते.

“आधी पाहुण्यांचं स्वागत,” सुजित म्हणाला. “थोडा वेळ. मग आत स्टेजवर बोलावतो.”

“नंबर कितवा आपला?”

“बँड झाला की.”

काका मान डोलवून पदर खोचायला लागले.

साडेसहाला गर्दी लोटली. उल्हासनगरहून सिंधी कुटुंबं आली, एमआयडीसीच्या वसाहतीतली माणसं आली, कॉलेजची पोरं-पोरी घोळक्यानं आली. फुकट आणि मोकळ्यावर, त्यामुळं येणारा एकटा येतच नव्हता. आत ब्रास बँडनं सूर धरला. सोन्याच्या रंगाची वाद्यं दिव्यात चमकायला लागली, काठ्यांवरची माणसं झुलत झुलत गर्दीतून फिरली, आणि लहान मुलं त्यांच्या मागं धावली. कार्यक्रम सुरेख चालला होता. सुजितला सगळीकडून तसंच ऐकू येत होतं.

गेटवर धोंडिबा एक साधा ठेका धरून होता आणि सदूकाका नुसती चाल दाखवत होते. म्हातारीची चाल, वाकलेली कंबर, गाठोडं या बगलेतून त्या बगलेत. त्यापुढं ते जातच नव्हते. जीव राखून नाचत होते. येणारे लोक क्षणभर थांबायचे, फोटो काढायचे, आत निघून जायचे. कॉलेजच्या एका पोरानं “ओ आंटी, एक सेल्फी,” म्हणत काकांच्या कमरेला हात घातला आणि मित्रांकडं बघून डोळा मारला. काकांनी फोटोसाठी मान तिरकी केली. सुजित दहा फुटांवर उभा होता. त्यानं हातातल्या यादीत काहीतरी शोधायला सुरुवात केली.

साडेसातला धोंडिबा त्याला शोधत स्टेजच्या बाजूला आला. “बँड झाला की रं.”

“आता हा मुंबईचा डान्स. मग आपलं.”

सव्वाआठला तो पुन्हा आला. या वेळी घामानं निथळत होता. “सदूदादाला उभं ऱ्हायाला व्हईना झालंय. बसू काय म्हनतात घडीभर? नंबर लागला तर धावत येतो.”

“बसा ना, बसा. पुढचंच आहे.”

हे ‘पुढचंच आहे’ तोंडातून इतकं सहज गेलं की सुजितला स्वतःचीच भीती वाटली. तेवढ्यात त्याची नजर पहिल्या रांगेकडं गेली. निवेदिका माइक घेऊन पुढं आली की बनूकाकू दर वेळी ताठ बसायची, पदर सारखा करायची, शेजारच्या बाईला कोपरानं ढोसायची. दुसऱ्याच कुणाचं नाव निघालं की पुन्हा मागं टेकायची. तो बघत असताना हे तीनदा झालं. नंतर त्यानं तिकडं बघायचं टाळलं.

सव्वानऊला शेवटचं गाणं सुरू झालं. बँड आणि डान्सर एकत्र आले, निवेदिकेनं सगळ्यांना उठवून नाचायला लावलं, खुर्च्या इकडंतिकडं झाल्या. गाणं संपल्यावर आभार सुरू झाले. लाइटवाले, मंडपवाले. मग ती म्हणाली, “आणि संध्याकाळभर गेटवर आपलं स्वागत करणाऱ्या कोंडेपाड्याच्या लोककलाकारांसाठी एकदा जोरदार टाळ्या.”

चारशे माणसांनी माना वळवून गेटकडं पाहिलं. टाळ्या चांगल्या दणक्यात पडल्या. तिथं सदूकाका आपला नंबर लागणार म्हणून गाठोडं उचलून उभे राहिले होते. टाळ्यांचा अर्थ त्यांना लगेच लागला नाही. ते दोन पावलं पुढं आले आणि थांबले.

“त्यांना आपल्यापर्यंत आणणारे आमचे सुजित. सुजित, स्टेजवर या.”

तो गेला. न जाताही आलं असतं का, याचा विचार त्यानं नंतर पुष्कळ केला. कीर्ती मॅडमनी त्याच्या हातात गुच्छ दिला, हसून त्याच्या पाठीवर थोपटलं. स्टेजवरून पहिली रांग स्पष्ट दिसत होती. बनूकाकू त्याच्याकडं बघत नव्हती. ती खुर्चीत मागं वळून गेटकडं बघत होती.

गुच्छ हातात घेऊनच तो गेटवर पोचला, तो कुठं ठेवावा हे न सुचल्यानं.

“काय झालं रं?” धोंडिबानं विचारलं.

“मॅडमनी आयत्या वेळी बदललं. मी खूप सांगून बघितलं.”

धोंडिबानं एकदा गुच्छाकडं पाहिलं. मग सदूकाकाच म्हणाले, “आसंल. मोठी मानसं, त्यांच्या आडचनी आसतात. तू नको वाईट वाटून घेऊ. तू तुझ्याकडनं केलंस.”

सुजितनं पाण्याची बाटली पुढं केली. “तोंड धुवून घ्या काका.”

“सोंग पुरं झालं नाय,” काका म्हणाले. “पुरं झाल्याबिगर रंग धूत नसतात.”

ते रंगल्या तोंडानंच टेम्पोत चढले. आई दुसऱ्या टेम्पोतून सुजितकडं बघत होती. पोराचा फुलांचा गुच्छ बघून तिला बरं वाटलं असावं, तिनं हात हलवला.

त्या रात्री सुजितला झोप लागली, हे त्याला सकाळी उठल्यावर लाजिरवाणं वाटलं. मॅडमचा मेसेज आला होता, ‘काल छान झालं. गेटवरचे फोटो सगळ्यांना आवडले.’ त्यानं तो दोनदा वाचला, चहा न घेता बाइक काढली आणि कोंडेपाडा गाठला.

दहा वाजले असतील. सदूकाकांच्या अंगणातून ढोलकी ऐकू येत होती. तो कुडाजवळच थांबला. अंगणात पाच-सहा बायका आणि दोन म्हातारे बसले होते, बाकीचे वाडीत नाहीतर दुकानात कामाला गेले होते. रात्रभराच्या रंगाला भेगा पडल्या होत्या, कुंकू ओघळून नाकापर्यंत आलं होतं, हिरव्या लुगड्याला गेटवरची धूळ लागली होती. सदूकाका सोंग पुरं करत होते. म्हातारी माहेरच्या दारात पोचलेली होती. धोंडिबानं ढोलकीवरचा हात उचलला. काकांनी गाठोडं सोडलं. एक कंगवा, एक फुटकी बांगडी, लहानपणीची चिंधीची बाहुली. मी तीच, मी तीच. सुजितनं हे पन्नास वेळा पाहिलं होतं. या वेळी त्याला वर बघवेना.

सोंग संपलं. बायका उठून आपापल्या घरी गेल्या. काका नळावर बसून तोंड धुवायला लागले. सुजित त्यांच्या मागं जाऊन उभा राहिला. धोंडिबा ढोलकी आवळत ओट्यावर बसला होता, बनूकाकू दारात तांदूळ निवडत होती.

“काका, काल मॅडमनी नाही बदललं,” तो म्हणाला. “बुधवारीच ठरलं होतं. मला सांगितलं होतं तुम्हाला सांगायला. मी सांगितलं नाही.”

काकांनी ओंजळ तोंडावर मारली. पांढरं पाणी सिमेंटवरून वाहत गेलं.

“गेटवरचं त्यांनी नाही काढलं. मीच काढलं. त्या व्हिडिओ बघत होत्या, काही बोलल्यासुद्धा नव्हत्या. मीच म्हणालो, गावठी आहे.”

एवढं बोलून तो थांबला. माफी मागायची राहूनच गेली.

“गावठी तर हायच,” काका पाठमोरेच म्हणाले. “गावातलं हाय.” मग ते टॉवेलनं तोंड पुसत उठले. रंगाखालचा चेहरा थकलेला, सुजलेला दिसत होता. “सुजित, दारात नाचायची मला लाज नाय. शिमग्याला मी दारोदारच नाचतो. तू म्हनला आसतास, काका, स्टेज नाय, गेटवर नाचा, तर मी गेटवर नाचलो आसतो. म्हातारी तिथंच माहेराला पोचवली आसती. थांबतील ती मानसं थांबली आसती. पन तू स्टेज सांगतलंस. म्हनून मी जीव राखला. तीन तास अर्धं नाचलो. चाळीस वर्सांत मी कदी अर्धं नाचलो नवतो.”

धोंडिबानं ढोलकी भिंतीला टेकवली आणि तो उठून गेला. जाताना त्यानं सुजितच्या अंगावरून वाट काढली, पण धक्का दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

“काकू,” सुजित म्हणाला.

बनूकाकूनं सूप खाली ठेवलं नाही. “टाळ्या पडस्तवर मी म्हागं वळून बघितलं नाय एकदा बी,” ती तांदळाकडं बघतच म्हणाली. “तीन तास. वाटायचं, म्हागं बघितलं आन् हिकडं स्टेजवर आले तर? ह्यांचं येनंच दिसायचं नाय मला.” तिनं एक खडा वेचून अंगणात टाकला. “जा तू. आईला भेट. तिनं सगळ्यांस्नी सांगतलंय तुझ्या फुलांचं.”

आईलाही त्यानं सगळं सांगितलं. तिनं विचारलं, “मंग फुलं कशाला घेतलीस?”

सोमवारी त्यानं कीर्ती मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “मी तुला विचारलं होतं, सुजित,” एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी धोंडिबाचा नंबर मागून घेतला. त्याच्यासमोरच फोन लावला, स्वतःची ओळख सांगितली आणि झाल्या गोष्टीबद्दल वाईट वाटतं म्हणाल्या. एप्रिलमध्ये फक्त कोंडेपाड्याचाच एक कार्यक्रम करू, किती वेळ हवा ते तुम्ही सांगा, असंही म्हणाल्या. पलीकडून धोंडिबा काय म्हणाला ते सुजितला ऐकू आलं नाही. मॅडम फोन ठेवून म्हणाल्या, “शिमगा होऊ दे, मग विचार करून सांगतो म्हणालेत. आणि यापुढचं माझ्याशीच बोलतील.”

यापुढं त्याच्याकडून काही निरोप जाणार नव्हता, हे त्याला कळलं. त्यात चुकीचं काही नव्हतं.

मार्चमध्ये शिमगा आला. सुजितला वाटलं होतं, काम आहे सांगून बदलापूरलाच राहावं. पण आईचे गुडघे फारच धरले होते आणि दारात उभं राहायला कुणीतरी हवं होतं. म्हातारी दारात आली की घरच्या माणसानं तिला अडवायचं असतं, “थांब म्हातारे, कुठं निघालीस?” असं विचारायचं असतं. त्याशिवाय सोंग पुढं सरकत नाही. दर वर्षी हे आई करायची.

सकाळी नऊच्या सुमाराला ढोलकी गल्लीत वळली. आधी वाघ आला, मग वैदू. त्याच्या मागं हिरवं लुगडं. सुजित उंबऱ्यावर उभा राहिला. हिरव्या लुगड्यामागं सगळा गाव. सदूकाका वाकून, गाठोडं बगलेत मारून, त्याच्यासमोर येऊन थांबले आणि त्यांनी तोंड वर केलं. सफेद्याखाली काय होतं ते कळायला मार्ग नव्हता.

त्याला विचारता येईना. धोंडिबानं ठेक्याचं एक आवर्तन पुरं केलं, सुजितकडं न बघता दुसरं सुरू केलं. लोक वाट बघत होते. म्हातारी कमरेवर हात ठेवून तशीच डुलत उभी होती, काही घाई नसल्यासारखी.

“थांब म्हातारे,” दुसरं आवर्तन संपता संपता सुजित म्हणाला. “कुठं निघालीस?”

“तुला रं काय करायचंय?” म्हातारी तडकून म्हणाली. “दारात उभा ऱ्हावून बायांची वाट आडवतो, आईला चूल फुंकाया लावतो. सर बाजूला.” आणि कंबर अशी हलवली की बायका खो खो हसल्या. आतून आईचंही हसणं ऐकू आलं. हे उत्तर दर वर्षीचंच होतं, ज्या घरी तरणा पोरगा दारात असेल तिथं काका हेच बोलायचे. त्यात सुजितसाठी एक शब्द वाढवलेला नव्हता, एक कमी केलेला नव्हता. नाचही तसाच, पुरा. काका घामानं भिजले होते.

सोंग पुढच्या दाराला गेलं. सुजितनं आईला पाणी दिलं, दार ओढून घेतलं आणि तो गर्दीच्या मागून चालायला लागला. पुढून बनूकाकूनं एकदा वळून पाहिलं, तो आहे हे बघितलं आणि पुन्हा पुढं बघायला लागली. तो थोडं अंतर ठेवून, सगळ्यांच्या मागं, शेवटच्या घरापर्यंत गेला.